हॅरी नॅश, राहणार ठाकुर्ली

नाखवांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आरतीत चुकीची टाळी वाजवताना.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, मी नुकतीच लागलेले. दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची. रिॲक्टरला झेंडूचा हार, बॉयलरवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि मग साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे गोल उभे राहून आरती म्हणायचे. सगळ्यांची टाळी एका ठिकाणी पडत होती आणि एका माणसाची भलतीकडेच. दोन टाळ्यांच्या मधली जी रिकामी जागा असते ना, बरोबर तिथे. माझ्या शेजारचा फिटर वैतागला.

"ओ नाखवा, टाळी चुकतेय तुमची. देवासमोर तरी सरळ वाजवा."

नाखवा थांबले. दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि उरलेली आरती तशीच म्हटली. ओशाळले नाहीत, हसलेही नाहीत. दर वेळी नेमकी तिथेच पडणारी टाळी चूक कशी असेल, हा विचार तेव्हा माझ्याही मनात आला नाही. तो यायला तीस-बत्तीस वर्षं जावी लागली.

हिराजी नाखवा आमच्या टाइम ऑफिसमध्ये कारकून होते. मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले, राहायला ठाकुर्लीला. उंच, सावळे, डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली. हाफ शर्ट, खिशाला एकच पेन. फाटकाजवळच्या खिडकीत बसून कामगारांची हजेरीची कार्डं सांभाळायची, हे त्यांचं काम. कोणी पाच मिनिटं उशिरा आला तर त्याच्यावर ओरडायचे नाहीत. घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "उद्याच्यासाठी लवकर आलास रे." आवाजात चेष्टा नसायची, त्यामुळे समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

कशाहीबद्दल विचारलं तर त्यांची दोनच उत्तरं ठरलेली होती. "चालेल" आणि "होतं तसं." बोनस कमी झाला, "होतं तसं." बदली दुसऱ्या पाळीला, "चालेल." कँटीनमध्ये रेडिओ लागला की मात्र डबा उचलून फाटकावर वॉचमनजवळ जाऊन बसायचे. त्यांना गाणं आवडत नाही, असं सगळे समजून चालले होते. मीही.

त्यांची बायको गेली तेव्हा मी ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेलेले. दुसरा मजला, दोन खोल्या, बाहेर गॅलरी. मुलगी लता जवळच्याच दिवा गावात दिलेली. ती लहान पोराला घेऊन आलेली, पण तेवढ्यात दूध आणायला खाली गेली होती. नाखवांनी मला बसवलं आणि स्वतः चहा ठेवला. मग स्वयंपाकघरात एकेक डबा उघडायचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "साखर कुठे ठेवायची ती, कधी विचारलंच नाही."

बिनसाखरेचा चहा आम्ही दोघांनी प्यायला. तोपर्यंत ते मला मॅडम म्हणायचे. त्या दिवशी निघताना म्हणाले, "सावकाश जा, मीनाबाय." तेव्हापासून मी मीनाबाय आणि ते नाखवाकाका.

ते रिटायर झाल्यावरही मी वर्षातून चार-पाच वेळा जायचे. डोंबिवलीहून ठाकुर्ली म्हणजे काय, रिक्षाने दहा मिनिटं. दिव्याला पाणी गेलं की लता कपड्यांची पिशवी घेऊन यायची, मग तीही भेटायची. काका गॅलरीत बसून पेपर वाचायचे. हळूहळू त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं. लताने मागे लागून कानाचं यंत्र घ्यायला लावलं. त्यानंतर समोरासमोर, हळू बोललं की त्यांना कळायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. ठाण्यात राहणारे सबनीस म्हणून एक रिटायर्ड बँक अधिकारी, जुन्या तबकड्या जमवणारे, त्यांनी लिहिलेला. साठ वर्षांपूर्वी मुंबईत पाच वादकांनी एक तबकडी केली होती, 'फाइव्ह ॲट फाइव्ह' नावाची. एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी पाच वाजता चहाबरोबर नाच असायचा, तिथे हे पाचजण वाजवायचे, म्हणून हे नाव. स्विंग म्हणजे ऐकताना पाय आपोआप हलायला लागतात तो जॅझचा प्रकार. एरवी तो पंधरा-वीस जणांच्या ताफ्याने वाजवायचा. इथे मात्र पियानो, गिटार, बास, ड्रम आणि क्लॅरिनेट, बस. तेव्हा ही तबकडी कोणी विकत घेतली नाही. आता मात्र परदेशातले जाणकार तिला या देशात झालेली सगळ्यात चांगली स्विंगची तबकडी मानतात, एक छोटी कंपनी ती पुन्हा काढते आहे, आणि पाचांपैकी चौघे वारले असल्याचं कळलं आहे. पाचव्याचा, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या हॅरी नॅशचा, काहीच पत्ता लागत नाही. तो गोव्याचा असावा, की अँग्लो-इंडियन, की देश सोडून गेला असावा? कोणाला माहिती असल्यास कळवावी.

लेखासोबत तबकडीच्या पाकिटाच्या पाठीवरचा फोटो होता. काळे कोट घातलेले पाच तरुण. उजवीकडून दुसरा, हातात क्लॅरिनेट, डावा खांदा जरासा खाली.

मी तो पेपर घेऊन रिक्षाने ठाकुर्लीला गेले. काका कोथिंबीर निवडत बसलेले. मी फोटोवर बोट ठेवलं.

"हे तुम्हीच ना?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "हो."

"हॅरी नॅश?"

"रेकॉर्ड कंपनीच्या सेल्सवाल्याने ठेवलं. हिराजी नाखवा नावाने इंग्रजी रेकॉर्ड कोण घेणार, म्हणाला." आणि पुन्हा कोथिंबीर.

"काका, हे लोक तुम्हाला शोधतायत. कळवू का?"

बराच वेळ ते काड्या आणि पानं वेगळी करत राहिले. मग म्हणाले, "चालेल."

ते 'चालेल' होकार होता की नुसती सवय, याचा मी थांबून विचार करायला हवा होता. मी घरी येऊन लगेच सबनीसांना फोन केला.

बाकीची हकीकत काकांनी मला पुढच्या दोन-तीन भेटींत तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. सांगताना आवाज तोच, फाटकावरच्या खिडकीतला.

काकांचे वडील कोळीवाड्यातल्या लग्नाच्या बँडचे मास्तर होते. त्यांनीच पोराला क्लॅरिनेट शिकवलं. उघड्यावर, वरातीपुढे चालत, ढोल-ताशाच्या वर ऐकू जाईल असं वाजवायचं. एकदा वांद्र्याच्या एका लग्नात लॉरेन्स नावाच्या पियानो वाजवणाऱ्या गोव्याच्या माणसाने त्यांना ऐकलं आणि रस्त्यातच थांबवलं. "माझ्याबरोबर वाजवशील?" मग दोन वर्षं लॉरेन्सने त्यांना शिकवलं: नोटेशन वाचायला, कोट घालायला, काटा-चमचा धरायला आणि टाळी कुठे द्यायची ते, ठेक्यावर नाही, दोन ठेक्यांच्या मधे.

"तबकडी एका दिवसात केली," काका म्हणाले. "फोर्टात एक खोली होती. सकाळी गेलो, संध्याकाळी बाहेर आलो. मधे ऑम्लेट-पाव."

तबकडी आल्यावर एका इंग्रजी पेपरात तिच्यावर लिहून आलं. चौघे उत्तम आहेत, पण पाचव्याला आपण खोलीत आहोत याचा पत्ताच नाही, तो अजून वरातीत चालतो आहे, अशा अर्थाचं. हॉटेलच्या मॅनेजरने ते कात्रण लॉरेन्सला दाखवलं. लॉरेन्स काकांना म्हणाला, थोडे दिवस आराम कर, बोलावतो.

"मग?"

"मग बोलावलं नाही. मीही गेलो नाही. पुढे तो तिकडे कॅनडाला गेला, तिकडेच वारला."

"तुम्हाला राग नाही आला?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, शाळेतल्या मुलाला पाढा विचारल्यावर तो करतो तसा. "यायला पाहिजे होता, नाही का? आठवत नाही आला म्हणून."

त्याआधी एक गोष्ट झाली होती. तबकडीची एक प्रत घेऊन ते कोळीवाड्यात गेले होते. घरी वाजवायचं यंत्र नव्हतं, गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानदाराकडे होतं. सगळी आळी जमली. बायका मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. वडील पुढे स्टुलावर बसले आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग दुकानदाराला म्हणाले, पाकिटावरची नावं वाच. त्याने पाचही वाचली. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण कान तयार होता.

"वाजवलाय बेस," ते मुलाला म्हणाले, "पन तुजा नाव नाय यावर. मंग यो तू कसा?"

आणि उठून गेले.

"तुम्ही समजावलं नाही त्यांना?"

"काय समजावणार? नाव नव्हतंच." काकांनी गॅलरीतून खाली बघितलं. "क्लॅरिनेट त्यांच्या बँडला परत देऊन टाकलं. डोंबिवलीत कारखाने निघत होते, अर्ज केला."

सबनीस आले ते रिक्षात मांडीवर रेकॉर्ड प्लेअर घेऊन. गोरे, घाईचे, भावनाप्रधान गृहस्थ. काकांच्या पाया पडले. जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं, जुनी तबकडी रुमालाने पुसून लावली आणि डोळे मिटून बसले. मी काही संगीतातली नाही. पण पियानोने दोन वळणं घेतली, आणि मग क्लॅरिनेट आलं ते खालून कुठून तरी सुराला घासत घासत वर, जणू गल्लीच्या वळणावरून कोणी हाक मारत येतंय. परदेशातले लोक नेमक्या याच वाजवण्यावर लट्टू आहेत, सबनीस म्हणाले. चौघे खोलीत आहेत आणि पाचव्याने खिडकी उघडली आहे, असं कोणीतरी लिहिलंय म्हणे.

काका सबनीसांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नंतर माझ्या.

तबकडी संपल्यावर सबनीसांनी डोळे पुसले. "काय वाटतंय, काका?"

"छान," काका म्हणाले. "चहा घेणार?"

सबनीस गेल्यावर ते माझ्या समोर येऊन बसले. "मीनाबाय, मला काही ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"बोललेलं कळतं. पण गाणं या कानातल्या यंत्रातून पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं येतं. यंत्र काढलं तर काहीच नाही. गेली सहा-सात वर्षं असंच आहे." मग म्हणाले, "लताला सांगू नकोस. उगाच डॉक्टर डॉक्टर करेल."

साठ वर्षं ज्या माणसाने ती तबकडी लावली नव्हती, त्याच्या दारात ती मी आणून ठेवली होती.

पुढच्या रविवारी त्यांनीच मला बोलावून घेतलं. सबनीसांनी सगळं वादन माझ्या मोबाइलवर पाठवलेलं. काका म्हणाले, "तू कानाला लाव आणि सांग. मी तो घड्याळाचा आकडा बघतो." त्यांनी मोबाइल टेबलावर उभा करून ठेवला, पडद्यावर मिनिटं-सेकंद सरकत होते. मी इअरफोन लावले. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर आली.

"आता पियानो एकटा झाला?"

"हो."

"आता ड्रमवाल्याने ब्रश घेतले."

मला ब्रश म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आवाज एकदम मऊ झाला होता. "हो."

"आता मी आलो."

त्याच क्षणी ते आले. टेबलाच्या कडेवर बोटं चालत होती आणि माझ्या कानात तोच सूर वर जात होता. एकदाही मागेपुढे झालं नाही. एका ठिकाणी ते म्हणाले, "इथे चुकलोय मी, कोणाला कळलं नाही." मला तर नव्हतंच कळलं.

तिसऱ्या गाण्यात अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. "आता नीट ऐक. क्लॅरिनेट वर गेलं की मागे कोणीतरी ओरडतंय."

मी ऐकलं. काही सापडलं नाही. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा कान दाबून धरले तेव्हा पियानोच्या मागे, लांबून, एक पुरुषी आवाज आला. आनंदाने सुटलेला, स्वतःलाही न कळता.

"ऐकू आलं?"

"कोणीतरी 'हिरा' म्हणतंय."

"लॉरेन्स," काका म्हणाले. "मशीनवाला म्हणाला, आवाज घुसला, पुन्हा वाजवा. लॉरेन्स म्हणाला, नाही, राहू दे."

त्यांची बोटं टेबलावर तशीच होती, पण थांबलेली.

"हे वडिलांना नाही सांगितलं तुम्ही?"

"त्या दुकानात एवढी माणसं बोलत होती, मलाच नीट ऐकू आलं नाही तेव्हा. आणि ते उठून गेले ना." मग मला म्हणाले, "पुन्हा एकदा ऐक. खरंच आहे ना?"

मी पुन्हा ऐकलं. "आहे, काका. स्पष्ट आहे."

"बरं," ते म्हणाले. मी काहीतरी होण्याची वाट बघत होते. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि गॅलरीतले कपडे आत घेतले.

नव्या तबकडीवर कोणतं नाव छापायचं, असं कंपनीने विचारलं होतं. सबनीस तर हट्टाला पेटलेले: खरं नाव, मोठ्या अक्षरात, अन्याय दूर झाला पाहिजे. मलाही तेच वाटत होतं. लतालाही. काकांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग सबनीसांना फोन लावायला मला सांगितलं आणि स्वतः बोलले. "हॅरीच राहू दे. माझं नाव आत आहे." पलीकडून सबनीस काय म्हणाले ते त्यांना कळलं नसावं, कारण त्यांनी फोन तसाच माझ्याकडे दिला. सबनीस विचारत होते, आत म्हणजे कुठे? मी सांगितलं. इतक्या वेळा ऐकूनही त्यांना ती हाक कधी ऐकू आली नव्हती.

तरी शेवटी सबनीसांनी आग्रहाने तळाला बारीक अक्षरात एक ओळ टाकून घेतलीच, हॅरी नॅश म्हणजे हिराजी नाखवा अशी. काकांनी ती भिंगातून वाचली. "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाले.

ठाण्याला एका सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मोठा फोटो. तबकडीतली तीन गाणी तरुण मुलामुलींनी वाजवली. क्लॅरिनेट एका मुलीने वाजवलं. सुराला खालून घासत आणायची ती लकब तिने महिनोन् महिने बसवली होती. लोक ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले, आरतीला वाजवतात तशा. नाखवाकाकांचे हात शालीखाली होते. मुलगी वाजवून आली आणि त्यांच्यापुढे वाकली, "कसं झालं?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "श्वास छान घेतेस," म्हणाले. ते त्यांना दिसलं होतं.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी गेले, सभागृहभर नजर फिरवली आणि म्हणाले, "एवढे लोक आलात, बरं झालं. जेवून जा." जेवण नव्हतं. बटाटेवड्याची पाकिटं होती. लोक हसले, उभे राहिले, टाळ्या थांबेनात. काका वळून माझ्याकडे बघू लागले. संपलं का, असं विचारत होते.

परतताना गाडीत लताने विचारलं, "बाबा, आज खूश ना?"

ते खिडकीबाहेर बघत होते. कळव्याचा पूल आला होता, खाली खाडी. "काय वाटायला पाहिजे ते माहितीये मला," ते म्हणाले. "तेवढं काही येत नाही गं. पण वाईट नाही वाटत. चालेल."

लता रडली. मला रडू आलं नाही. त्यांच्याशेजारी बसून मीही थोडीशी त्यांच्यासारखीच झाले होते.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. इंग्रजी पेपरांतून मोठ्या बातम्या आल्या, परदेशातून लोकांचे निरोप आले. लताने ते मला वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले.

ते जायच्या तीनेक आठवडे आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, आणि ती काही भेट नव्हती. मी रिक्षाने ठाकुर्लीच्या मासळी बाजारावरून चालले होते. ते एका पाटीसमोर उकिडवे बसलेले, यंत्र कानात नव्हतं. एका सुरमईचा कल्ला अंगठ्याने उघडून आतला रंग बघत होते. मासळीवाली हातवारे करून त्यांना काहीतरी फटकारत होती आणि ते मान हलवून मासा परत टाकत होते, पुन्हा उचलत होते. मग ती काहीतरी बोलली आणि नाखवाकाका हसले. मान मागे टाकून, सगळे दात दिसतील असे. पस्तीस वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

मी रिक्षातून हाक मारली. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"थांबवू का ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नको, चल," मी म्हणाले. "उशीर होतोय."

कशाला उशीर होत होता, ते आता आठवत नाही.